गळ्याची गाठ पिकते तेव्हा

श्रोतेहो, इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे राजे, लढाया, तह आणि सनावळ्या येतात. मी कॉलेजात मुलांना बहुतेक तेच शिकवतो. पण माणसाच्या अंगाला जी दुखणी जडली आणि ती दुखणी काय आहेत हे समजून घ्यायला त्याला जी शेकडो वर्षे लागली, त्यांचाही इतिहास आहेच. आज त्यातलेच एक लहानसे प्रकरण सांगतो. दुखणे दुर्मीळ आहे. पण ज्याच्या घरात ते शिरते त्याला दुर्मीळपणाचे काय समाधान?

आमच्या बिलोलीकडे लेकराचा गळा सुजला की म्हातारी माणसे तीन नावांपैकी एक नाव घेतात: गालगुंड, गंडमाळ, नाहीतर गलगंड. तिन्ही नावे कानाला जवळची, म्हणून घोळही फार होतो. खरे म्हणजे ही तीन निरनिराळी दुखणी आहेत. गालगुंड कानाच्या खाली, जबड्याच्या कोपऱ्यात येते. ती लाळेच्या ग्रंथीची सूज आणि ती एका विषाणूमुळे होते. पलीकडे तेलंगणाच्या बाजूला हिंदी-उर्दू बोलणारे त्यालाच गलसुआ म्हणतात. गंडमाळ म्हणजे मानेच्या बाजूला माळेसारख्या ओवलेल्या गाठी, आणि त्यांच्या मुळाशी पुष्कळदा क्षय असतो. गलगंड मात्र गळ्याच्या पुढच्या बाजूला, कंठमण्याच्या खाली असतो. तिथे फुलपाखरासारखी पंख पसरून बसलेली एक ग्रंथी आहे. मोठ्या माणसात तिचे वजन जेमतेम वीस-पंचवीस ग्रॅम. तिला आज सगळेच थायरॉईड म्हणतात. पुस्तकांत अवटू ग्रंथी असे नाव आहे. शिक्षकबंधूंना एक सोपी खूण सांगून ठेवतो. गाठ असलेल्या मुलाला घोटभर पाणी प्यायला सांगा. गिळताना गाठ वर जाऊन खाली आली, तर ती बहुधा या ग्रंथीची.

आता हा विषय मला का सुचला ते सांगतो. माझा एक चुलतभाऊ माझ्याहून दोन वर्षांनी धाकटा. 1990 च्या आसपासची गोष्ट. तो सात-आठ वर्षांचा असताना त्याला सर्दी-पडसे झाले आणि मागोमाग गळ्याच्या डाव्या बाजूला सूज आली. ताप फणफणला. पाणी गिळताना डोळ्यांतून पाणी येई. हनुवटी छातीला लावून तो बसून राही; मान वर केली की ओरडे. आजी म्हणाली, "गालगुंड हाय, चार दिसांनी उतरंल," आणि हळद-चुन्याचा लेप झाला. चार दिवसांनी उतरले नाही. मग गावातल्या एका जाणत्याकडून विळा तापवून डाग दिला. शेवटी गाठ पिकली, एका दवाखान्यात चिरून पू काढला, सुया टोचल्या आणि पोरगा बरा झाला. दहा महिन्यांनी पुन्हा तेच, पुन्हा डावीकडेच. पुन्हा चिरले. त्याच्या पुढच्या वर्षी तिसऱ्यांदा. काकूने नवस बोलून घेतला. इतके होऊनही, 'दर वेळी त्याच जागी का?' हा प्रश्न कोणी विचारला नाही. आम्ही घरच्यांनी विचारला नाही आणि चिरणाऱ्यांनीही नाही.

त्या प्रश्नाचे उत्तर आपण शेवटी पाहू. आधी थोडे मागे जाऊ.

सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात अकरावा अध्याय गाठींचा आहे. ग्रंथी, अपची, अर्बुद आणि गलगंड असे चार विषय त्यात एकत्र घेतले आहेत. गळ्याशी लोंबणारी, लहान किंवा मोठी सूज असे गलगंडाचे वर्णन करून त्याचे वाताचा, कफाचा आणि मेदाचा असे तीन प्रकार सांगितले आहेत. पित्ताचा प्रकारच नाही. पित्त म्हणजे उष्णता, दाह, पिकणे. ते या गाठीत सहसा दिसत नाही, म्हणून तो प्रकार सोडला असावा. वाताच्या गलगंडाबद्दल तर असे म्हटले आहे की तो कठीण असतो, सावकाश वाढतो, पिकत नाही. क्वचित कधी योगायोगाने पिकतोही. हे 'क्वचित' मला फार मोलाचे वाटते. शेकडो गाठी पाहिल्याशिवाय असे लिहिता येत नाही. सुश्रुताचा गलगंड आणि आजच्या डॉक्टरांचा थायरॉईड ही जोडी तंतोतंत जुळते असे म्हणण्याचा माझा आग्रह नाही. आपल्याकडे असे आग्रह धरण्याची हौस जरा जास्तच आहे. पण गळ्याची ही गाठ सहसा पिकत नाही, हे निरीक्षण आजही खरे आहे. थायरॉईडच्या सगळ्या दुखण्यांत पू होणारे दुखणे शंभरात एकही नसते.

त्याच ग्रंथात, सूत्रस्थानात, सुजेच्या तीन अवस्था सांगितल्या आहेत: कच्ची, पिकत चाललेली आणि पिकलेली. कच्ची सूज अज्ञानाने चिरणारा वैद्य आणि पिकलेली सूज तशीच राहू देणारा वैद्य, दोघांनाही सुश्रुताने सारखेच कठोर शब्द वापरले आहेत. तापलेला विळा घेऊन येणाऱ्यांचा त्याने वेगळा उल्लेख केला नाही, एवढेच.

युरोपात या ग्रंथीला थायरॉईड हे नाव 1656 साली टॉमस व्हार्टन या इंग्रज वैद्याने दिले. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ ढालीसारखी. ढाल हे नाव दिले खरे, पण ग्रंथीचे काम काय हे त्याला ठाऊक नव्हते. मानेला, विशेषतः बायकांच्या मानेला, गोलाई यावी म्हणून निसर्गाने ती ठेवली असावी असे त्याने लिहून टाकले! पुढे दोनशे वर्षे फारसा उजेड पडला नाही. 1857 साली बॉशे नावाच्या फ्रेंच शल्यवैद्याने या ग्रंथीच्या तीव्र दाहावर स्वतंत्र लेखन केले. चांगल्या ग्रंथीला होणारा दाह वेगळा आणि आधीच वाढलेल्या गलगंडात होणारा दाह वेगळा, असा भेद त्याने केला. तो भेद टिकला. मोठ्या माणसांत पू होतो तो बहुधा आधीच बिघडलेल्या, गाठाळलेल्या ग्रंथीत.

मग चांगल्या ग्रंथीत जंतू का शिरत नाहीत? एक तर तिच्याभोवती पक्के वेष्टन आहे. दुसरे, तिला रक्ताचा पुरवठा भरपूर आहे. शरीराच्या फार थोड्या भागांना इतके रक्त मिळते. लसिका वाहून नेणाऱ्या नळ्याही तिथे पुष्कळ आहेत. आणि शिवाय तिच्यात आयोडीन साठवलेले असते. आयोडीन म्हणजे जखमेवर लावतो तेच. 1811 साली बर्नार कूर्त्वा याला समुद्रशेवाळाच्या राखेत ते सापडले. 1820 साली जिनिव्हाच्या क्वांदे या डॉक्टरने ते गलगंडावर दिले. पण ते मुळातच या ग्रंथीत असते हे बाउमान या जर्मन रसायनशास्त्रज्ञाला 1895-96 च्या सुमारास आढळले, म्हणजे मधे पाऊणशे वर्षे गेली.

याच काळात स्वित्झर्लंडमध्ये बर्न येथे टेओडोर कोखर हा शल्यवैद्य गलगंड कापून काढत होता. डोंगराळ मुलूख, घरोघरी गलगंड. त्याच्या आधी या शस्त्रक्रियेत माणसे रक्तस्रावाने आणि नंतर पू होऊन मरत. कोखरने स्वच्छता आणि सावकाशपणा यांच्या बळावर मृत्यूचे प्रमाण शेकडा एकाच्याही खाली आणले. पण 1883 साली त्याला एक चमत्कारिक गोष्ट कळली. ज्यांची ग्रंथी पूर्ण काढली होती ते रुग्ण मंद झाले होते, सुजले होते, मुले वाढायची थांबली होती. मानेच्या शोभेसाठी ठेवलेली म्हणून समजलेली ग्रंथी सगळ्या देहाची शेगडी निघाली. कोखरने पूर्ण ग्रंथी काढणे सोडले. 1909 साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले.

आता आपल्या देशात या. 1900 च्या आसपासचा काळ जंतूंच्या शोधाचा होता. कॉखने 1882 साली क्षयाचा जंतू दाखवला. 1897 साली सिकंदराबादेत, म्हणजे आमची बिलोली ज्या निजामाच्या राज्यात होती त्याच्या राजधानीशेजारी, रोनाल्ड रॉसने डासाच्या पोटात हिवतापाचे परजीवी पाहिले. प्रत्येक दुखण्याच्या मागे एखादा जंतू असणारच, असे त्या पिढीतल्या डॉक्टरांना वाटू लागले होते. त्यांतलाच एक रॉबर्ट मॅकॅरिसन, लष्करी वैद्यक सेवेतला तरुण. तो 1904 मध्ये काश्मीरच्या पलीकडे गिलगिटला गेला. तिथे एकाच पाटाच्या पाण्यावर वसलेली गावे होती, एकाखाली एक. वरच्या गावाची घाण पाटात पडे, ती खालचा गाव पिई. मॅकॅरिसनने माणसे मोजली. सर्वांत वरच्या गावात दर शंभरांत बाराच्या आत लोकांना गलगंड, आणि खाली खाली येत शेवटच्या गावात तेच प्रमाण पंचेचाळिसाच्या वर!

त्याने निष्कर्ष काढला की गलगंड हा पाण्यातून येणारा संसर्ग आहे. नुसता काढला नाही, तर गाळलेल्या पाण्याचा उरलेला गाळ स्वतः प्याला आणि आणखी काही माणसांना पाजला. त्यांतल्या काहींना गळ्यावर सूज आली. तोच गाळ उकळून दिला तेव्हा आली नाही. श्रोतेहो, पुरावा याहून चोख कसा असावा? 1913 साली त्याचे पुस्तक निघाले. आणि तरीही मुख्य कारण ते नव्हते. डोंगरातली माती पावसाने आणि बर्फाने धुऊन निघालेली; तिच्यात आयोडीनच उरले नव्हते, म्हणून धान्यात नाही, भाजीत नाही, पाण्यात नाही. ग्रंथी बिचारी उपाशी राहून फुगत होती. घाण पाण्याने त्यात भर पडत असेल हे पुढेही काही संशोधकांनी मानले, तेव्हा मॅकॅरिसन अगदीच चुकला असे मी म्हणणार नाही. विद्यार्थ्यांना मात्र मी हे उदाहरण मुद्दाम सांगतो. आकडे खरे, प्रयोग प्रामाणिक, माणूस धाडसी, आणि निष्कर्ष अपुरा. असे इतिहासात फार वेळा घडते.

मॅकॅरिसन पुढे आहाराच्या संशोधनाकडे वळला. निलगिरीत कुन्नूरला त्याने प्रयोगशाळा उभी केली. ती प्रयोगशाळा 1958 साली हैदराबादला आली. तेव्हा आमचा मराठवाडा हैदराबाद राज्यातून निघून मुंबई राज्यात येऊन दोनच वर्षे झाली होती. आज तीच राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून ओळखली जाते. आमच्या तालुक्यापासून हैदराबाद काही लांब नाही. धर्माबादला रेल्वेत बसले की पोचलोच. गिलगिटच्या पाटावर सुरू झालेला धागा आमच्या इतक्या जवळ येऊन ठेपला.

गलगंडाचा निर्णायक प्रयोग मात्र कांगडा खोऱ्यात झाला. 1956 मध्ये डॉ. रामलिंगस्वामी आणि डॉ. सूच यांनी त्या खोऱ्याचे तीन विभाग पाडले. दोन विभागांत आयोडीन मिसळलेले मीठ दिले, एकात साधे. पाच-सहा वर्षांत दोन विभागांतले गलगंड झपाट्याने कमी झाले आणि साध्या मिठाच्या विभागात जवळजवळ होते तसेच राहिले. मग 1962 मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. पुढच्या पाहण्यांत दिसले की हे केवळ हिमालयाचे दुखणे नाही. देशातले एकही राज्य त्यातून पुरते सुटलेले नाही, आपला महाराष्ट्रही नाही. मिठाचा कायदा मात्र बराच डळमळला. खाण्यासाठी आयोडीनविरहित मीठ विकण्यावर 1990 च्या दशकाच्या अखेरीस बंदी आली, 2000 साली ती उठवली, 2006 साली पुन्हा घातली. आमच्याकडे पूर्वी मीठ लमाणांच्या बैलांच्या पाठीवरून समुद्रकाठाहून येई, पुढे रेल्वेने येऊ लागले. खडे मिठाची सवय अजून पुष्कळ घरांत आहे, आणि मडक्यात उघडे ठेवलेले, ओल धरलेले मीठ हेही आहेच. मोठ्या माणसाला दिवसाला आयोडीन लागते ते 150 मायक्रोग्रॅम. म्हणजे जन्मभराचे मिळून चहाच्या चमच्यात मावेल इतके.

आता पुवाकडे परत वळू. कारण आयोडीनने गलगंड हटतो, पण एकदा जंतू शिरून ग्रंथी पिकू लागली की आयोडीनचा उपयोग नाही. पेन्सिलीनपूर्वीच्या काळात या दुखण्याने पाचांत एक तरी दगावत असे, असे जुन्या नोंदींवरून मानतात. पू श्वासनळीत फुटे, अन्ननळीत फुटे, नाहीतर छातीत उतरे. फ्लेमिंगने पेन्सिलीन 1928 साली पाहिले, माणसांवर ते 1941 मध्ये वापरले गेले, आणि आपल्याकडे पुण्याजवळ पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना 1954 साली निघाला. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांची त्याला मदत होती. 1955 पासून तिथे पेन्सिलीन तयार होऊ लागले. बाहेरून येणारे महागडे औषध देशात होऊ लागले. त्या कारखान्याने किती जीव वाचवले याचा हिशेब कोणी मांडलेला नाही. माझ्या चुलतभावाचे पहिले तीन जीवदान तरी मी अशा सुयांच्याच खात्यावर लिहितो. पुढे लोकांनी साध्या सर्दीलाही सुई मागायला सुरुवात केली आणि जंतू त्या औषधांना बधेनासे झाले, ही निराळी कथा.

सुईने पू गेला, पण दुखणे परत येत होते. का? याचे उत्तर 1979 साली जपानमधून आले. ताकाई, मियाउची आणि त्यांचे सहकारी यांनी अशा रुग्णांचा बारकाईने शोध घेतला. त्यांना घशातून थेट ग्रंथीकडे जाणारी एक बारीक वाट सापडली. गर्भात असताना बाळाच्या मानेत काही खाचा व कप्पे असतात. ते पुढे बुजून जातात. एखाद्याचे बुजायचे राहिले तर स्वरयंत्राच्या शेजारच्या खळग्यातून निघून ग्रंथीपर्यंत जाणारी सुतासारखी नळी उरते, आणि ती बहुतेक वेळा डावीकडेच असते. घसा आला, पडसे झाले की जंतू त्या वाटेने उतरतात आणि ग्रंथीच्या वेष्टनाचा, रक्ताचा, आयोडीनचा सगळा बंदोबस्त मागच्या दाराने फसतो. बाहेरून कितीही वेळा चिरले तरी आतले दार उघडेच. ही नळी काढून टाकली किंवा तिचे तोंड बंद केले की दुखणे सहसा परत येत नाही.

एक सावधगिरी सांगतो, कारण परवाच एका शाळेतल्या बाई मला विचारत होत्या. गळ्याच्या पुढे दुखते, कळ कानापर्यंत जाते, थोडा ताप असतो, आणि तरी पू होत नाही, असे एक दुखणे आहे. डे केर्व्हें या स्विस शल्यवैद्याने 1904 साली त्याचे नीट वर्णन केले. हाच पुढे बर्नला कोखरच्या जागी आला. हे बहुधा विषाणूच्या आजारामागून येते; तिशी ते पन्नाशीतल्या बायकांना जास्त. गालगुंडाच्या साथीनंतरही ते आढळले आहे, आणि 2020 मध्ये कोविडनंतर झालेला रुग्ण इटलीतून नोंदला गेला. रुग्ण आधी दातांच्या डॉक्टरकडे जातो, मग कानाच्या. काही आठवड्यांत, फार तर महिन्यांत ते ओसरते. जंतूंवरची औषधे त्याला लागू पडत नाहीत आणि त्याला चिरायचे तर मुळीच नाही. पुवाचे कोणते आणि हे कोणते, ते सोनोग्राफी, रक्ततपासणी आणि सुईने काढलेला थेंब यांवरून डॉक्टर ठरवतात. नुसते बोटाने चाचपून ठरत नाही, मग ते बोट माझे असो की आजीचे.

चुलतभावाला चौथ्यांदा सूज आली तेव्हा आम्ही त्याला नांदेडला नेले. तिथल्या एका वयस्क शल्यवैद्यांनी काकूला एकच प्रश्न विचारला, "बाई, दर वेळी डावीकडेच का?" काकू म्हणाली, "होय दादा, दर वेळी." सूज उतरल्यावर त्यांनी त्याला पांढरे बेरियम प्यायला देऊन क्ष-किरणांचा फोटो काढला. पांढऱ्या रेघेच्या बाजूला, डावीकडे, खाली उतरलेली एक बारीक रेघ दिसत होती. काकूला ती दाखवली, तेव्हा तिने फोटो उजेडाला धरून बराच वेळ पाहिला आणि विचारले, "एवढ्यासाठी डागलं व्हय लेकराला?" शस्त्रक्रिया झाली. तो आता धर्माबादेत मिरचीच्या व्यापारात आहे, दोन मुलांचा बाप आहे. मिरचीच्या धुरळ्याने त्याला ठसका लागतो, पडसे तर दर पावसाळ्यात होते, पण गळा पुन्हा सुजला नाही. शस्त्रक्रियेचा व्रण आता शोधावा लागतो. विळ्याचा डाग मात्र सदऱ्याच्या कॉलरवरून अजून दिसतो.